पन्नासाव्या खोलीचं पान

१

शाहिंदाने वही माझ्यासमोर उघडी धरली आणि म्हणाली, "अब्ला, पन्नासावी खोली गेली."

अब्ला म्हणजे बाई; शाळा सोडली तरी सगळे मला तेच म्हणतात. मी तेव्हा कपाटाच्या फळीवरच्या मुंग्या फडक्याने पुसत होते. समुद्राकाठच्या आमच्या शहरात, कॅम्प शेझार भागात, ट्रामच्या रुळांना लागून वगदीचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत दर शुक्रवारी दुपारी आम्ही चौघं जमायचो. येताना बिशोय बसबूसा आणायचा आणि पाकातला तो रवा सगळीकडे सांडायचा. त्यामुळे त्या दिवशीच्या मुंग्यांचं खापरही आम्ही त्याच्यावरच फोडलं होतं.

वहीत एकोणपन्नासाव्या खोलीचं पान होतं आणि त्यापुढे कोरं पान. मधलं पान शिवणीलगत कापलेलं होतं.

ती वही साधी नव्हती. १९८८ साली शुक्री नावाच्या एका इंजिनिअरने आमच्या अरबी अक्षरांच्या घरगुती कॉम्प्युटरसाठी 'अमीन' हा खेळ केला होता. सगळं यंत्र कीबोर्डातच असायचं. ते टीव्हीला जोडायचं, कॅसेट लावायची आणि ती करकरत खेळ भरेपर्यंत चहा पिऊन घ्यायचा. अमीन म्हणजे गोदामाचा कोठावळा. त्याने पेट्या ढकलत ढकलत खुणेच्या चौकोनांवर न्यायच्या. पेटी ढकलता येते, ओढता येत नाही, त्यामुळे एकदा कोपऱ्यात गेली की संपलं. शेवटच्या खोलीत तर दारंही होती, एकाच बाजूने उघडणारी. अशा पन्नास खोल्या, आणि त्या सगळ्या या चौकटीच्या वहीत आधी पेन्सिलने काढलेल्या.

एकतीस वर्षांनी आम्ही तो खेळ त्याच जुन्या यंत्रासाठी नव्याने बांधत होतो. बिशोय औषधांच्या दुकानात काम करतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. दुकान बंद झालं की घरी बसून दोन वर्षं त्याने आज्ञावली लिहिली. शाहिंदाने सोळा रंगांत चित्रं काढली. यंत्रं वगदीची. आणि मी, शहात्तर वर्षांची निवृत्त हस्तकलेची बाई, प्रत्येक खोली खेळून बघायचे, कारण वेळ आणि चिकाटी या दोन गोष्टी माझ्याकडेच शिल्लक होत्या. एकोणपन्नास खोल्या मी सोडवल्या. पन्नासावी काही केल्या सुटेना. एक पेटी कायम दाराबाहेर राहायची. म्हणून आज वहीशी ताडून बघायचं ठरलं होतं.

शुक्री आता ऐंशीचे. आम्ही सगळे त्यांना बाशमुहंदिस म्हणतो, म्हणजे इंजिनिअरसाहेब. पुढच्या रविवारी ते मुलीकडे, गीहानकडे, मॉन्ट्रियलला जाणार होते, परत न येण्यासाठी. त्याआधीच्या शुक्रवारी त्यांच्या हातात पुरा खेळ ठेवायचा, एवढ्याचसाठी सगळी धडपड होती.

वगदीने वही घेतली, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि बिशोयकडे पाहिलं.

"डॉक्टर, काल तू इथे एकटा होतास."

बिशोय हो म्हणाला.

"खोली यंत्रात तू भरलीस. चुकीची भरलीस. आणि चूक दिसू नये म्हणून पान कापलंस. सरळ सांगितलं असतंस तर काय आम्ही खाल्लं असतं तुला?"

बिशोयचे कान लाल झाले. यंत्रातून त्याने आपली डिस्क काढली, शर्टाच्या खिशात घातली आणि छत्री घेऊन निघाला. दारात थांबून एवढंच म्हणाला, "मग खेळही विसरा."

२

वगदीला मी तो लहान असल्यापासून ओळखते. त्याच्या दोन्ही बहिणी माझ्या हाताखाली भरतकाम शिकल्या. तो मनाने वाईट नाही, पण एकदा बोलून गेला की मागे फिरणं त्याला जमत नाही. म्हणून मी शनिवारी सकाळी, दुकानात गिऱ्हाईक नसताना गेले.

आधी वही मागितली आणि चष्मा लावून नीट पाहिली. कापणाऱ्याने पट्टी धरून, धारदार पात्याने, एका दमात कापलं होतं. आणखी एक गोष्ट होती. शिवणीच्या वहीतलं एक पान कापलं की त्याचं जोडपान सैल होऊन गळतं. तसं होऊ नये म्हणून कापणाऱ्याने आतून कागदाची बारीक पट्टी चिकटवली होती. चोरी करणारा वहीची काळजीही घेऊन गेला होता. पट्टीवर एक मुंगी मरून पडली होती.

मी वगदीला विचारलं की आठवडाभरात वही कोणाकोणाच्या हातात गेली. त्याने बोटांवर मोजलं. सोमवारी शाहिंदा येऊन रंग बघून गेली. मंगळवारी बाशमुहंदिस आले होते. वगदीने त्यांना शेवटची खोली अडल्याचं आणि शुक्रवारी वहीशी ताडणार असल्याचं सांगितलं, तर त्यांचा चेहराच पडला. एकदा डोळ्यांखालून घालतो म्हणून ते वही घरी घेऊन गेले आणि बुधवारी स्वतः परत आणून कपाटात ठेवून गेले. गुरुवारी बिशोय.

"म्हणजे बुधवारपर्यंत वही धड होती," वगदी म्हणाला. "उरला कोण?"

"तू," मी म्हटलं.

तो हसला. मी हसले नाही. वगदी गेली तीस वर्षं सगळ्यांना सांगत आला होता की त्याने 'अमीन' पुरा खेळलाय, १९८९ साली, पंधराव्या वर्षी, अख्ख्या कॅम्प शेझारमध्ये एकट्याने. शेवटी आतषबाजी होते आणि झेंडा फडकतो, हेही तो सांगायचा.

"वगदी, पन्नासाव्या खोलीत पहिली पेटी कुठे ढकलायची?"

तो पेचकस शोधू लागला. टेबलावर तीन होते.

"इतक्या वर्षांचं कुणाच्या लक्षात राहतं, अब्ला?"

"तुला आतषबाजीचे रंग लक्षात आहेत."

तो स्टुलावर बसला. बाहेरून ट्राम खडखडत गेली. मग तो खाली बघत म्हणाला, "गल्लीतला तो कुरळ्या केसांचा रऊफ म्हणाला, मी पुरा केला. मग मी पण म्हणालो. पुढे रऊफ दुबईला गेला आणि मी इथेच राहिलो, ते वाक्य घेऊन."

मी वही त्याच्यापुढे सरकवली.

"पण पान मी नाही कापलं," तो म्हणाला. "उलट मीच ते पान शोधत होतो. उत्तर मिळालं असतं तर निदान आता तरी खरं झालो असतो."

हे मला पटलं. पान नाहीसं झाल्याने त्याचं नुकसानच होतं. शिवाय वगदी जगातली प्रत्येक वस्तू दोन थेंबांत दगड होणाऱ्या गोंदाने चिकटवतो. वहीतली पट्टी तशी नव्हती. मी नखाने कड उचकटली तर पांढरा भुगा पडला.

३

शाहिंदाकडे मी फार वेळ घालवला नाही. तिला शेवटची खोली स्वतः रचलेली हवी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. यावरून बिशोयशी तिची दोनदा भांडणं झाली होती. तो म्हणायचा, नव्याने बांधायचं म्हणजे जुन्याला इमान राखायचं. ती म्हणायची, मग मी काय रंगारी आहे का?

तिने मला सरळ उत्तर दिलं. "मला ती खोली खेळातून काढायची होती, अब्ला. वहीतून नाही. दुसऱ्याचं चित्र मी फाडेन?" आणि ओरड तिनेच केली होती. कापणाऱ्याने गप्प राहायला हवं होतं.

तिथून मी बिशोयच्या औषधांच्या दुकानात गेले. गुडघेदुखीचं मलम मागितलं. त्याने काढून दिलं आणि दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत माझ्याकडे बघायचं टाळलं.

"रागावलास?"

"दोन वर्षं, अब्ला. बायको म्हणते, यंत्राशीच लग्न करायचं होतंस. आणि वगदीभाई म्हणतात मी कापलं."

मी त्याला म्हटलं, तू कापलं नाहीस हे मला कळतंय, पण ते इतरांना पटवायला मला काहीतरी दे. खोली भरताना कुठला आकडा चुकला असेल का?

त्याने काउंटरखालून एक कागद काढला. पडद्यावर दिसते तशी पन्नासावी खोली त्यावर छापलेली होती. "मी वहीवरून काहीच भरलेलं नाही," तो म्हणाला. "बाशमुहंदिसांची जुनी कॅसेट आहे ना, त्यातल्याच खोल्या मी जशाच्या तशा उचलल्यात. आकडा न् आकडा. ही खोली तीन वेळा ताडली. जुन्या कॅसेटमध्ये आहे तशीच ती माझ्या खेळात आहे."

मला समजायला क्षणभर लागला.

"म्हणजे जुन्या खेळातही ती सुटत नाही?"

"मी यंत्रालाच सगळे मार्ग तपासायला लावले. मार्गच नाही. एकतीस वर्षांत कोणालाच ती सोडवता आली नसणार."

"मग हे शुक्रवारी का नाही बोललास?"

त्याने चष्मा काढून एप्रनला पुसला. बराच वेळ पुसला. "वगदीभाईंसमोर कसं बोलणार? शेवटी पडद्यावर काय येतं ते मला आकड्यांत दिसलंय. आतषबाजी नाही. झेंडाही नाही."

"काय आहे?"

"ते माझ्यासाठी लिहिलेलं नाही. कोणीतरी खेळून तिथवर गेल्याशिवाय ते बघायचं नसतं."

चोर ठरवलं गेलं तरी ज्याने चोर म्हटलं त्याचीच लाज हा राखत होता. मलम आणि तो छापील कागद घेऊन मी बाहेर पडले. समुद्रावरून गार वारा सुटला होता. पण माझे पाय जागच्या जागी थांबले ते वाऱ्याने नाही. बिशोय म्हणाला ते खरं असेल, तर एक गोष्ट खोटी ठरत होती, आणि ती मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

४

पन्नासावी खोली शुक्रींनी काढलेली नव्हती. त्यांच्या बायकोने काढली होती. सफिनाझने.

सफिनाझ आमच्या मुलींच्या शाळेत अरबी शिकवायची. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. मासिकातले नमुने बघून आम्ही कापडावर फुल्यांचं भरतकाम करायचो. ती कायम उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि मी डावीकडून. त्यावरून मी तिला चिडवायचे की तुझा गुलाब माझ्या गुलाबाकडे पाठ करून बसतो.

नवऱ्याचा खेळ बघून तिलाही एक खोली काढावीशी वाटली. कॉम्प्युटरला तिने कधी हात लावला नाही. त्याच्या पडद्याने डोळे दुखतात म्हणायची. पण एका दुपारी तिने शिक्षकांच्या खोलीत ही वही उघडली आणि पिशवीतून तिरमिस काढले. समुद्रकाठी कागदाच्या पुडीत मिळतात ते चपटे पिवळे दाणे. दाणे म्हणजे पेट्या, आणि एक हरभरा म्हणजे अमीन. मधल्या सुट्टीभर ती पानावर दाणे सरकवत राहिली. घंटा झाली तेव्हा सगळे दाणे खुणांवर होते. "बघ, इनायात, सुटते," ती म्हणाली आणि आम्ही दोघींनी पेट्या खाऊन टाकल्या.

मग कॅसेटमध्ये ती का सुटत नव्हती?

आणि दुसरं. पुढच्या वर्षी एके दिवशी सफिनाझ शाळेत आली ती पत्र नाचवतच. बसरा शहरातल्या कोणा मुलाने शुक्रींना लिहिलं होतं की मी पन्नासावी खोली सोडवली, ती सगळ्यांत सुंदर आहे. तिने ते पत्र मुख्याध्यापिकेलाही वाचून दाखवलं. २००६ साली ती गेली, तेव्हाही ते तिच्या उशाच्या पेटीत होतं.

पण खोली सुटूच शकत नव्हती. म्हणजे बसऱ्याच्या मुलाने ती सोडवली नव्हती. म्हणजे ते पत्र बसऱ्याहून आलंच नव्हतं. सफिनाझला आनंद व्हावा म्हणून असं खोटं पत्र कोण लिहील? ज्याला खोली सुटत नाही हे पहिल्यापासून माहीत होतं तो. आणि ज्याला ते तिला कळू द्यायचं नव्हतं तो.

वगदीने मोजलेली बोटं मी पुन्हा मोजली. बुधवारपर्यंत वही धड होती असं तो म्हणाला होता. पण बुधवारी ती उघडून कोणी पाहिली होती? आपलीच वही परत आणणाऱ्यावर कोण संशय घेणार?

राहिली मुंगी. मुंग्या बसबूशाला आल्या नव्हत्या, त्या पट्टीला आल्या होत्या. पट्टी खळीने चिकटवली होती. पिठाची खळ, आणि पकड यावी म्हणून तिच्यात चिमूटभर साखर. तशी खळ मी एकाच घरात पाहिली होती. १९८८ साली त्या घरात जेवणाच्या टेबलावर नवरा-बायको बसून कॅसेटांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत होते.

मी समुद्रकाठच्या गाडीवरून तिरमिसची एक पुडी घेतली आणि बोल्कलीची ट्राम धरली.

५

शुक्रींच्या घरात खोकी रचलेली होती. प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी, सुबक अक्षरात: पुस्तकं, काचेचं, गीहानसाठी. टेबलावर वाटीत पांढरी खळ होती आणि तिच्यात पडलेला ब्रश.

मी वाटीकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बसा, इनायातबाई," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं, कोणी आलं तर तुम्ही याल."

"बाशमुहंदिस, त्या बिशोयला चोर ठरवलंय."

त्यांना हे माहीत नव्हतं. ते खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी चष्म्याच्या डबीतून घडी केलेला कागद काढला आणि न उघडता माझ्यापुढे ठेवला.

मग ते सांगत गेले. कॅसेटच्या प्रती निघाल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतः पन्नासावी खोली खेळायला घेतली आणि ती सुटेना. आठ दिवस झगडले, तेव्हा पटलं की मार्गच नाही. सफिनाझ रोज विचारायची, कोणी सोडवली का? तिचं गणित चुकलंय हे सांगायची हिंमत त्यांना झाली नाही. म्हणून डाव्या हाताने ते पत्र लिहिलं. बसरा म्हणजे लांब, कोणी विचारायला जाणार नाही. मंगळवारी वगदी म्हणाला, वहीशी ताडून बघू. म्हणजे वहीतलं पान, सफिनाझच्या हातचं, चार लोक बघणार आणि म्हणणार, शेवटची खोली बाईने चुकवली.

"ती गेलीय. तिला आता कोणी हसायला नको," ते म्हणाले. "मला वाटलं, पान नसलं की तुम्ही ती खोली वगळाल, एकोणपन्नासावर भागवाल. त्या डॉक्टरवर येईल हे डोक्यातच आलं नाही."

"घडी का नाही उघडली?"

"एकतीस वर्षांत ते पान मी एकदाही बघितलं नाही, कापतानाही त्यावर कोरा कागद ठेवला होता. तिची चूक कशाला बघायची?"

मी पान उघडलं. शेजारी बिशोयचा छापील कागद ठेवला. सफिनाझच्या पानावर अमीन उजवीकडे उभा होता. छापील कागदावर डावीकडे. भिंती, पेट्या, खुणा, सगळं आरशात धरावं तसं उलटलेलं होतं.

"बाशमुहंदिस, ही खोली यंत्रात भरली कोणी?"

"दोघांनी. माझे डोळे आले होते. दुसऱ्या दिवशी कॅसेट द्यायची होती. ती पानावरून वाचायची आणि मी भरायचो. रिकामी जागा शून्य, भिंत एक, पेटी दोन, खूण तीन, डावीकडे उघडणारं दार चार, उजवीकडे उघडणारं पाच. एकेक ओळ."

"ओळ कुठून वाचायची?"

शुक्री फ्रेंच शाळेत शिकले. वहीतली प्रत्येक गोष्ट ते डावीकडून मांडायचे, यंत्रही डावीकडूनच ओळ भरायचं. आणि सफिनाझ आयुष्यभर अरबी शिकवत आली होती.

"उजवीकडून," ते म्हणाले. "ती सगळंच उजवीकडून वाचायची."

"म्हणून खोली उलटली. नुसती उलटली असती तर बिघडलं नसतं. डाव्या हाताने सोडवायची ती उजव्या हाताने सुटली असती. पण दारं उलटली नाहीत. तिने चार म्हटलं, तुम्ही चार भरलं. सगळी खोली फिरली आणि दारं तेवढी जुन्याच बाजूला बघत राहिली. अमीन येतो तेव्हा ती त्याच्याकडे पाठ करून उभी असतात."

मी पुडी उघडली. सफिनाझच्या पानावर तिरमिस मांडले. हरभरा नव्हता म्हणून शर्टाचं एक बटण घेतलं, गीहानसाठीच्या खोक्यातलं. पहिला दाणा वर, दुसरा आडवा, तिसरा दारातून. मधल्या सुट्टीतली ती दुपार माझ्या बोटांत कुठेतरी शिल्लक होती. दोनदा अडले. तेव्हा शुक्रींनी पुढे वाकून एक दाणा मागच्या ओळीतून फिरवला. शेवटचा दाणा दारातून आत गेला आणि खुणेवर बसला.

त्यांनी पानाची कड बोटाने सपाट केली.

"म्हणजे तिची चूक नव्हती."

"नव्हती."

"माझी होती."

"तुमची होती, बाशमुहंदिस."

ते हसले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण सफिनाझ गेल्यापासून ते तसे हसलेले मी पाहिले नव्हते. "देवा," ते डोळे पुसत म्हणाले, "एकतीस वर्षं मी तिला माफ करत बसलो होतो."

६

शुक्रवारी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. बिशोयला मी आणलं. तो यायला तयार नव्हता. मी त्याला एवढंच सांगितलं होतं की डिस्क घेऊन ये आणि पन्नासाव्या खोलीची प्रत्येक ओळ उलट्या बाजूने भरून ठेव.

शुक्री उठून उभे राहिले. "पान मी कापलं," ते म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगितलं, पत्रासकट. मग बिशोयसमोर जाऊन त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "डॉक्टर, माझ्यापायी तुला ऐकून घ्यावं लागलं. एका म्हाताऱ्याला माफ कर."

"आकडे तर बरोबरच भरले होते मी," असं काहीतरी बिशोय पुटपुटला.

वगदी कपाटापाशी उभा होता. जुन्या कॅसेटची खोली कोणालाच सुटणारी नव्हती, म्हणजे काय, हे आता खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. शाहिंदाने त्याच्याकडे मान वळवली. "वगदीभाई, आणि ती आतषबाजी?"

"माझ्या कॅसेटला काहीतरी झालं असेल," वगदी म्हणाला.

पहिला हसला तो बिशोय. मग वगदीही हसला आणि त्याने बिशोयच्या पाठीत एक धपका घातला. माफी मागायची त्याची रीत तीच. नंतर वगदीने स्वतः आणलेल्या बसबूशाचा सगळ्यात मोठा तुकडा बिशोयच्या बशीत गेला.

वगदीने यंत्र लावलं. त्याचा नियम आहे, तासाभरात बंद करायचं. जुने भाग तापतात आणि तसले आता जगात मिळत नाहीत. बिशोयने थेट पन्नासावी खोली उघडून दिली. या खेपेला ती सफिनाझच्या पानासारखी होती. अमीन उजवीकडे उभा होता, आणि शाहिंदाने सकाळी बसून त्याच्या डोक्यावर निळा रुमाल बांधला होता. सफिनाझचा तसाच असायचा. मी शाहिंदाला एकदा सांगितलं होतं.

शुक्री सावकाश खेळले. एकेक कळ दोनदा विचार करून दाबत होते. आम्ही चौघं त्यांच्यामागे उभे होतो आणि कोणी सुचवायला तोंड उघडलं नाही. मधे ट्राम गेली. चौथी पेटी दारातून आत सरकली. पाचवी फिरून आली. सहावी दाराशी अडली असं वाटलं, पण त्यांनी अमीनला मागून वळसा घालून आणलं आणि ढकललं.

पेटी खुणेवर बसली. पडदा काळा झाला. मग पांढरी अरबी अक्षरं उजवीकडून एकेक उमटू लागली, १९८८ साली लिहिलेली, पडद्यावर आजवर कोणी न पाहिलेली:

सगळ्या पेट्या जागेवर लागल्या. सफिनाझ, चहा ठेव, मी आलोच.

बिशोय खिडकीबाहेर बघत होता. त्याला हे दोन वर्षांपासून माहीत होतं.

शुक्रींनी कुठली कळ दाबली नाही. अक्षरं तशीच राहिली. तास उलटून गेला होता, पण वगदीचा हात बटणाकडे गेला नाही.

मी मागे सरले आणि कोपऱ्यातल्या शेगडीवर चहा ठेवला. पुदिना घातला, आणि बाशमुहंदिसांच्या पेल्यात साखर तीन चमचे. सफिनाझ तेवढीच घालायची.